न प्यालेली दारू

१

एव्हारिस्तो लोंगोरिया प्यायलेला सापडला, असं गावातल्या दुसऱ्या कोणी येऊन सांगितलं असतं तर ओतिलिया कावासोसने आधी सांगणाऱ्याच्याच तोंडाचा वास घेतला असता. पण सांगायला आली होती त्याची बायको. हर्मिनियाने स्वयंपाकघरातली खुर्ची ओढली, पर्स मांडीवर घट्ट धरली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

शाळेच्या बसगाड्यांच्या आवारात परवा सकाळी अचानक तपासणी झाली होती. ज्याचं नाव निघेल त्याने यंत्रात फुंकायचं, ही तिथली रीत. एव्हारिस्तोचं नाव निघालं तेव्हा बाकीचे ड्रायव्हर हसले. त्याला फुंकायला लावणं म्हणजे पाद्र्याला प्रार्थना येते का विचारणं. मग यंत्राने दारू दाखवली आणि हसणाऱ्यांची तोंडं मिटली. थोडं थांबून दुसऱ्या यंत्रात फुंकायला लावलं, तर त्यातही तेच. साहेबांनी त्याच्या हातून किल्ल्या घेतल्या आणि मुलांना आणायला दुसरा ड्रायव्हर गेला.

ओतिलियाने कॉफीखालची शेगडी बंद केली. काऊंटीच्या शेरीफच्या कचेरीत तपासनीस म्हणून तिने केस पांढरे केले होते. भले भले चोर आपण नुसत्या गप्पा मारून पकडले, हे ती कोणी न विचारताही सांगत असे. पण आजची गोष्ट घरातली होती. हर्मिनियाच्या मुलीची, यादिराची, ती माद्रिना होती. चर्चमध्ये देवासमोर मुलीला उचलून घेणारी दुसरी आई. त्यामुळे नवराबायको तिचे कोम्पाद्रे आणि कोमाद्रे झाले. टेक्सासच्या या टोकाला, नदीच्या काठी, हे नातं रक्ताच्या नात्याहून अवघड असतं, कारण यातून भांडून मोकळं होता येत नाही.

आणि एव्हारिस्तोची दारू म्हणजे काही साधी दारू नव्हती. यादिरा पाळण्यात होती तेव्हा तो प्यायचा. एकदा पिऊन बांधावरच्या रस्त्याने गाडी हाकताना त्याने ती कालव्यात घातली. तो वाचला, शेजारी बसलेला धाकटा भाऊ गेला. भावाच्या शवपेटीवर हात ठेवून त्याने ग्वादालूपेच्या मेरीमातेची शपथ घेतली, की पुन्हा दारूला शिवणार नाही. इथले पुरुष अशी शपथ घेतात, पण वर्षाची, सहा महिन्यांची. मुदत संपते त्याच संध्याकाळी बाटली उघडते. एव्हारिस्तोने मुदतच घातली नाही. म्हणून तर डिसेंबरात मातेच्या सणाला बोरूच्या कांड्या लावलेले लाल घागरे घालून जे मातचिन नाचतात, त्यांचा तो म्होरक्या होता. म्होरक्या शपथेवरचाच हवा, असा सांता एल्विरा गावाचा दंडक होता.

आता सोमवारी शाळेच्या मंडळापुढे सुनावणी होती. युनियनवाल्यांनी मार्ग काढला होता. व्यसन आहे असं कबूल करायचं, उपचार घ्यायचे, नोकरी टिकते. एव्हारिस्तो नाही म्हणाला होता.

"तुम्हीच सांगा, कोमाद्रे," हर्मिनिया म्हणाली. "माणूस पितो ते एक वेळ समजू शकते मी. पण वर मान ताठ ठेवून मला खोटं सांगतो?"

"तो पितोच, हे कशावरून?"

हर्मिनियाने पर्स उघडली. आतून एक टकिलाची बाटली निघाली, निम्मी रिकामी.

"आमच्या गॅरेजात सापडली," ती म्हणाली. "काल रात्री मी त्याच्या घागऱ्याच्या सगळ्या बोरूच्या कांड्या कात्रीने कापून काढल्या."

२

एव्हारिस्तो अंगणात, झाडाखालच्या झोपाळ्यावर बसला होता. तो बसला की झोपाळ्यावर दुसऱ्याला जागा उरत नसे. लहानपणी त्याला गावात सगळे खारीक म्हणायचे, यावर आता कोणाचा विश्वास बसला नसता. ओतिलियाने आपली खुर्ची आणली.

तिने चौकशी केली नाही, गप्पा मारल्या. त्या ओघात ईस्टरपासूनची हकीकत बाहेर आली. ईस्टरआधीच्या उपवासात त्याची दाढ सुजली होती. इथे दाढ सुजली की माणूस पूल ओलांडून नदीपलीकडे जातो, तिथल्या डॉक्टरकडून ती उपटून घेतो आणि येताना कॅप्सूलचे डबे घेऊन येतो. एव्हारिस्तोनेही तेच केलं होतं. दाढेचा डबा संपला तेव्हा थोडं दुखत होतं म्हणून दुसरा फोडला. मग मे महिन्यात सर्दी झाली म्हणून तिसरा. फ्रीजवर अजून दोन होते, ते त्याने ओतिलियाला मोठ्या प्रेमाने देऊ केले.

"माझ्या पर्समध्ये आहे एक," ओतिलिया म्हणाली, आणि होताच.

उन्हाळ्यापासून त्याला जेवणानंतर ग्लानी यायची. रविवारी बार्बाकोआचं मटण, मैद्याच्या तोर्तिया आणि कोलाची मोठी बाटली झाली की जीभ जड व्हायची, डोळे मिटायचे. त्याला वाटायचं वय झालं. दवाखान्यात डॉक्टर फारियासने पोटाची सोनोग्राफी केली होती आणि यकृतात चरबी साठली आहे म्हणून बजावलं होतं. वजन उतरवा, गोड सोडा. त्याने मान हलवली आणि बाहेर येऊन कोला प्यायला. या खोऱ्यात ज्याच्या यकृतात चरबी नाही तो पाहुणा असतो, असं तो स्वतःच हसत म्हणाला. मग त्याचं हसू गेलं.

"कोमाद्रे, डॉक्टरने दोनदा विचारलं मला, तुम्ही किती पिता. दोनदा. मी म्हणालो, कोलाच ना? ती हसली नाही."

"आणि युनियनचा कागद? सही केलीत तर नोकरी वाचते."

"नोकरी जाऊ दे. ट्रक चालवीन, टरबुजं भरीन." त्याने झोपाळ्याची साखळी धरली. "त्या कागदावर लिहिलंय की मी पितो. खाली माझं नाव लिहिलं तर वर माझा भाऊ वाचेल ते. त्याला काय सांगू? नोकरीसाठी खोटं बोललो?"

ओतिलियाने जन्मभर खोटं बोलणारे ऐकले होते. खोटं बोलणारा आपल्याला वाचवायला बघतो. हा माणूस वाचायची संधी लाथाडत होता, आणि त्याच्या त्या ताठ मानेचा तिला फार अभिमान वाटला. पण दोन-दोन यंत्रंही खोटं बोलत नाहीत, हेही तिला ठाऊक होतं.

"मग दारू आली कुठून?" तिने विचारलं.

"तेच म्हणतोय मी," एव्हारिस्तो हळू आवाजात म्हणाला. "मला कोणीतरी पाजतंय."

३

गॅरेजात हर्मिनियाने जागा दाखवली. मोठा फ्रीजर भिंतीला समांतर उभा होता. त्याच्यामागे अरुंद बोळकांडी, आणि बोळकांडीच्या पार टोकाला, पाण्याच्या नळाशी, ती बाटली होती. नळ गळतो का बघायला हर्मिनिया अंग तिरपं करून आत शिरली होती.

ओतिलियाने नवराबायको दोघांनाही बोलावलं आणि एव्हारिस्तोला म्हणाली, जा, नळ बंद करून या.

तो गेला. खांदा आत गेला, पोट अडलं. त्याने श्वास आत ओढला, तरी पोट अडलंच. दुसऱ्या बाजूने प्रयत्न केला तेव्हा शर्टाचं बटण उडून फ्रीजरवर वाजलं. हर्मिनिया इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसणार होती, पण तिने ओठ दाबले. तिच्या डोळ्यांत मात्र ओतिलियाला दुसरंच काही दिसलं. ती घागऱ्याच्या कांड्या आठवत होती.

"या घरात बारीक माणूस कोण येतं?" ओतिलियाने विचारलं.

उत्तर द्यायची गरज नव्हती. हर्मिनियाचा भाऊ रोहेलिओ शेवग्याच्या शेंगेसारखा होता. तोही मातचिनांत नाचायचा, एव्हारिस्तोच्या मागे दुसरा, आणि गेली कित्येक वर्षं दुसराच. त्यानेही वर्षाची शपथ घेतली होती. एव्हारिस्तो उतरला की म्होरक्याची जागा त्याची. बसतपासणीची बातमी गावभर पोचवण्यात त्याने जराही आळस केला नव्हता.

तो टायरच्या दुकानात सापडला. ओतिलियाने बाटली त्याच्यासमोर ठेवली. रोहेलिओने आधी टायरकडे पाहिलं, मग छताकडे.

"माझी आहे," तो शेवटी म्हणाला. "बायको घरात शोधते. भावजींचं गॅरेज कोण शोधणार, म्हटलं. त्यांच्यावर कोणाचा संशय गेला नसता."

"आणि गेला तेव्हा गप्प बसलास."

"गप्प बसलो." त्याची मान खाली गेली. "पण तुम्हाला वाटतंय ते मी केलं नाही. मी त्यांच्या कोलात थेंब टाकला नाही. ओतिलियाबाई, मी शपथ मोडणारा माणूस आहे, दुसऱ्याची मोडायला लावणारा नाही. आणि खरं सांगू? माझी बाटली मलाच पुरत नाही."

हे शेवटचं वाक्य ओतिलियाला सगळ्यात खरं वाटलं. तिने बाटली पिंपात रिकामी केली. हर्मिनियाचा पुरावा गेला होता, पण यंत्रातली दारू तिथेच होती, आणि आता ती कोणाचीच नव्हती.

४

तपासनीस म्हणून ओतिलियाचा एक हट्ट होता. घरात वस्तू कशी शिरते ते कळत नसेल तर घरच बदलायचं. शुक्रवारी तिने एव्हारिस्तोला आपल्या घरी आणून बसवलं. येताना त्याचे खिसे, बॅग, बुटांचे तळवेसुद्धा तपासले. बाथरूममधलं अत्तर आणि गुळण्या करायचं औषध शेजारी नेऊन ठेवलं. दुकानातून फुंकायचं यंत्र आणलं. समोरचं दार, मागचं दार, दोन्हींच्या किल्ल्या तिच्या गळ्यात.

आल्या आल्या त्याला फुंकायला लावलं. दारू होती. थोडी, पण होती.

मग तो तिच्या हातचं खाऊ लागला. ओतिलियाला मधुमेह, त्यामुळे तिच्या घरात साखर नाही, मैदा नाही, कोला तर नाहीच. कोंबडीचं पाणीदार कालवण, अंडी, निवडुंगाची भाजी. एव्हारिस्तोने पहिल्या ताटाकडे पाहून विचारलं, कोमाद्रे, ही कैद आहे की तपास? तिने आणखी निवडुंग वाढला.

शनिवारी सकाळी यंत्र कोरं. दुपारी कोरं. संध्याकाळीही कोरं, आणि डोळ्यांत ग्लानी नाही. तो तिच्या अंगणातलं गवत कापून मोकळा झाला.

ओतिलियाला आनंद व्हायला हवा होता. पण ती हिशेब करत बसली. इथे दारू नाही, याचा अर्थ ती त्याच्या घरी होती. रोहेलिओ त्यातून गेला. मग उरलं कोण? त्याला जेवायला घालणारी बायको, आणि बेकरीतून रोज गोड पाव आणणारी मुलगी. हर्मिनियाने तर घागरा कापून टाकला होता. हा राग होता, की नाटक? असा विचार आपल्याला यावा याची तिला लाज वाटली. पण विचार आला होता खरा.

रविवारी दुपारी यादिरा बापाला भेटायला आली. बेकरीतून थेट आली होती, कोपरापर्यंत पीठ. हातात शंखाच्या नक्षीचे गोड पाव आणि कोलाची सीलबंद बाटली. माद्रिनाच्या चेहऱ्यावरून तिने काय ते ओळखलं.

"तुम्हाला वाटतंय मी घालते," ती म्हणाली.

"मला काही वाटत नाही. मी बघते."

"मग बघा. मैदा, साखर, लोणी, खमीर. पीठ फार वेळ उबेला राहिलं तर बिअरसारखा वास मारतं, तेवढीच आमच्या बेकरीतली दारू. ती भट्टीत उडून जाते." तिने पाव पुढे धरला. "पपाने माझ्या पंधराव्या वाढदिवसालासुद्धा पाण्याने पेला उचलला होता, माद्रिना. मी घालीन?"

ओतिलियाने पाव हातात घेतला, सुरीने मधोमध कापला. अर्धा एव्हारिस्तोला दिला. बाटलीचं सील स्वतः फोडलं, दोन पेले भरले. उरलेला अर्धा पाव स्वतः तोंडात घातला आणि दुसरा पेला स्वतः प्यायली. तपासासाठी रक्तातली साखर चढली तर चढू दे, असं ती मनात म्हणाली. मग तिघं फुटबॉलचा सामना बघत बसली. एव्हारिस्तोने आणखी दोन पाव खाल्ले, ओतिलियाने त्यांतलाही तुकडा तुकडा मोडून घेतला. तो खुर्चीवरून हलला नाही, आणि तिने त्याच्यावरची नजर हलवली नाही.

सामना संपायच्या आधी त्याचे डोळे जड झाले. त्याने काहीतरी विचारलं आणि शब्द एकमेकांत अडकले. ओतिलियाने यंत्र पुढे केलं.

कुलूपबंद घरात, तिच्या डोळ्यांदेखत, दारू शिरली होती.

५

यादिरा पांढरीफटक पडली. एव्हारिस्तो यंत्राकडे बघत राहिला आणि मग त्याने छातीवर क्रूसाची खूण केली. सैतानाचं काम आहे, असं तो पुटपुटला.

ओतिलिया मात्र यंत्र आपल्या तोंडाला लावून फुंकत होती. तिचं कोरं होतं.

ती खुर्चीत मागे टेकून बसली. असल्या क्षणी तिला भाषण करायची हुक्की यायची, आणि ती लपवायचा तिने कधी प्रयत्न केला नाही.

"यादिरा, बस," ती म्हणाली. "एकच पाव, एकच बाटली, दोन तोंडं. पावात दारू असती तर मलाही चढली असती. म्हणजे तुझ्या पावात ती नव्हती, बाटलीत नव्हती. बाहेरून कोणी आलं नाही, पपा खुर्चीवरून उठले नाहीत. मग ती कुठे होती?"

यादिराने बापाकडे पाहिलं.

"दोन दिवस निवडुंग खाल्ला तेव्हा नव्हती. साखर आणि मैदा आत गेला आणि ती आली. तूच सांगितलंस मघाशी. पीठ, साखर, ऊब. कोणी दारू ओतत नाही, ती आपली आपण होते. या पोटापेक्षा उबदार जागा आहे का खोऱ्यात?"

एव्हारिस्तोने दोन्ही हात पोटावर ठेवले.

"गुत्ता माझ्या पोटात आहे?" त्याने विचारलं.

ओतिलियाने रविवार बघितला नाही, डॉक्टर मारिसेला फारियासला घरी फोन लावला. मारिसेला याच गावची, कापूस वेचणाऱ्याची नात. मोठ्या शहरात यकृताची डॉक्टर होऊन परत आली होती, आणि गाव तिची पदवी स्वतःची असल्यासारखी मिरवायचं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि दवाखाना उघडला.

तिथे तिने एव्हारिस्तोला एका खोलीत बसवलं, अंगावर दवाखान्याचे कपडे, शेजारी परिचारिका. यंत्र पुन्हा कोरं होईपर्यंत सोमवार उजाडला. मग तिने त्याला मोजून साखरेचं पाणी पाजलं आणि थोड्या थोड्या वेळाने रक्त काढलं. प्रत्येक नळीत दारू आधीच्यापेक्षा जास्त निघाली. शौचाचा नमुनाही तिने तपासायला पाठवला. सुनावणी युनियनने आठवड्याने पुढे ढकलून घेतली.

अहवाल आला तेव्हा तिने सगळ्यांना समोर बसवलं. खमिराचा तर्क थोडा चुकला होता, तिने सांगितलं; खमीर नव्हतं, आतड्यातले जंतू होते. एका जातीचे, साखरेची दारू करणारे. थोडे तर पुष्कळांच्या पोटात असतात आणि गुण्यागोविंदाने राहतात. एव्हारिस्तोच्या पोटात त्यांचं राज्य झालं होतं. तिथे झालेली दारू रक्तातून थेट यकृतात जाते, आणि यकृताला ती ओठांतून आली की आतड्यातून, याच्याशी देणंघेणं नसतं. ते चरबी साठवत बसतं. आधीच वजनाने आणि कोलाने साठलेली होती, तीत ही भर. इतकं टोकाचं प्रकरण क्वचितच दिसतं, असं ती म्हणाली. पण वजन, आतड्यातले जंतू आणि यकृत ही तिन्ही एकमेकांच्या कानाला लागलेली असतात, हे आता जगभर शोधलं जातंय.

"मी तुम्हाला दोनदा विचारलं, किती पिता," मारिसेला एव्हारिस्तोला म्हणाली. "तिसऱ्यांदा विचारायला हवं होतं, काय खाता. पण मला एक कळत नाही. इतके दिवस गप्प असलेले जंतू माजले कशाने?"

ओतिलियाने पर्स उघडली आणि कॅप्सूलचा डबा टेबलावर ठेवला.

"ईस्टरआधी असाच डबा आला यांच्या घरात," ती म्हणाली. "दाढेला एक, राहिलेल्या दुखण्याला एक, सर्दीला एक. ग्लानी सुरू झाली ती त्यानंतर. मी इतके दिवस विचारत होते, घरात नवीन कोण शिरलं. हा शिरला होता, आणि मीच त्याला पर्समध्ये घेऊन हिंडत होते."

मारिसेलाने डबा उलटा करून त्यावरचं अँटिबायोटिकचं नाव वाचलं आणि मान हलवली. चांगल्या जंतूंनी दाराशी पहारा दिलेला असतो, ती म्हणाली. आपण पहारेकरीच मारून टाकले. मग या उरलेल्यांना मोकळं रान मिळालं, आणि वर रोज गोड पाव.

हर्मिनिया इतका वेळ भिंतीशी उभी होती. नवऱ्याकडे बघायचं धाडस तिला होईना. पण एव्हारिस्तोच्या चेहऱ्यावर सुटल्याचा आनंद नव्हता. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"डॉक्टर," त्याने विचारलं, "मग उन्हाळ्यापासून मी मुलांना बसमधून नेत होतो... ते अशा अवस्थेत?"

६

सुनावणीला मंडळाची माणसं गोल टेबलामागे बसली होती आणि निम्मं गाव मागच्या खुर्च्यांवर. मारिसेलाने अहवाल वाचला. ओतिलियाने कुलूपबंद घराची गोष्ट सांगितली, जरा रंगवूनच. अध्यक्षबाईंनी माफी मागितली आणि किल्ल्यांचा जुडगा टेबलावरून पुढे सरकवला.

एव्हारिस्तो उठला. त्याने किल्ल्या उचलल्या, हातात तोलल्या आणि परत त्यांच्यापुढे ठेवल्या.

"आत्ता नकोत," तो म्हणाला. "मी शपथ मोडली नाही, एवढं तुम्ही लिहून घेतलंत, ते मला पुरे. पण पोटात दारू घेऊन मी तुमची पोरं हाकली, आणि मला कळलं नाही. एकदा मी कालव्यात गाडी घातलीय. डॉक्टर म्हणेल तेव्हा द्या. तोपर्यंत मी आवार झाडीन."

खुर्च्यांमध्ये कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक म्हातारा उठला, मग दुसरा, आणि सगळे उभे राहिले. ओतिलियाने आयुष्यात बऱ्याच कोर्टांत बरेच निकाल ऐकले होते, पण निकाल लागल्यावर आरोपीनेच त्याहून कडक निकाल द्यावा, हे तिने पहिल्यांदा पाहिलं. हा माझा कोम्पाद्रे, असं शेजारच्या अनोळखी बाईला सांगितल्यावाचून तिला राहवलं नाही.

मग निवडुंगाचे दिवस आले. मारिसेलाने जंतूंवर नेमकं औषध दिलं, मोजकं, आणि संपल्यावर दुसरा डबा फोडायचा नाही अशी ताकीद. कोला गेला, मैदा गेला. एव्हारिस्तो रोज पहाटे बांधावरून चालायचा, त्याच कालव्याच्या कडेने. वाटेत आठ-दहा जण सोबत येऊ लागले, सगळेच पोटवाले. यादिराने बेकरीत बिनसाखरेचा एक पाव काढला. तो कोणालाच आवडला नाही, तरी संपायचा. आणि गावातल्या बऱ्याच फ्रीजवरचे डबे गुपचूप दवाखान्याच्या खोक्यात जमा झाले. ओतिलियाचा पहिला होता.

बसच्या किल्ल्या नोव्हेंबरात त्याच्याकडे परत आल्या. तरीही रोज सकाळी बसमध्ये चढण्यापूर्वी तो स्वतःहून फुंकायचा, नाव निघो न निघो.

डिसेंबरात सणाच्या सकाळी चर्चच्या अंगणात मातचिन जमले. ढोलवाला हात शेकत होता. रोहेलिओ सगळ्यात शेवटी, नवशिक्यांच्या रांगेत उभा होता. त्याने स्वतः मागून घेतलेली जागा होती ती, आणि मुदत न घातलेली नवी शपथही.

एव्हारिस्तोच्या घागऱ्याला सगळ्या कांड्या परत लागल्या होत्या. हर्मिनियाने त्या पुन्हा एकेक शिवल्या होत्या. पण घागरा कमरेवर ठरेना. गेल्या वर्षीची कंबर आता वीतभर मोठी झाली होती. हर्मिनिया त्याच्यापुढे गुडघ्यावर बसली, तोंडात टाचण्या धरून.

त्याने खिशातून फुंकायचं यंत्र काढलं. सगळ्या रांगेदेखत फुंकलं, आकडा पाहिला आणि वाकून यंत्र बायकोसमोर धरलं.

"बघ," तो म्हणाला.

हर्मिनियाने त्याकडे पाहिलंच नाही. तिने तोंडातली टाचणी काढली, कमरेची चुणी घट्ट धरली आणि टोचली.

"ते ठेव खिशात," ती म्हणाली. "मला नाही बघायचं. तू सांगितलंस तेव्हाच पुरायला हवं होतं. आता पोट आत घे, हलू नकोस."

"आत घ्यायला उरलंय कुठे," एव्हारिस्तो म्हणाला.

तिने हातातली दुसरी टाचणीही टोचली आणि उठून बाजूला झाली. ढोल वाजला. म्होरक्याने मातेच्या मूर्तीकडे तोंड केलं आणि पहिला पाय आपटला, तशा बोरूच्या सगळ्या कांड्या एकदम खडखडल्या. ओतिलियाने डोळे पुसले आणि शेजारच्या बाईला पुन्हा सांगितलं की हा आपला कोम्पाद्रे आहे.